सरासरी काढण्याआधी: ३५ जिल्ह्यांचे आकडे घेऊन एकचल सांख्यिकी, पायरीपायरीने

महाराष्ट्रातल्या जिल्ह्याची सरासरी लोकसंख्या ३२ लाख ११ हजार आहे. २०११ च्या जनगणनेचे आकडे धरले तर हे विधान गणिताने बिनचूक आहे. तरीही तेव्हाच्या ३५ पैकी २४ जिल्हे या सरासरीच्या खाली आहेत आणि वर फक्त ११. 'सरासरी जिल्हा' म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्याहून राज्यातले दोन-तृतीयांश जिल्हे लहान आहेत.

असं का होतं, ते आधीच कसं ओळखायचं आणि मग कोणता आकडा सांगायचा, हे या लेखात पायरीपायरीने बघू. चल, म्हणजे जे मोजायचं ते, एकच: जिल्ह्याची लोकसंख्या. सामग्रीही शेवटपर्यंत एकच. दहावीच्या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाला नवी सामग्री असते, त्यामुळे मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख ही सुटी सुटी प्रकरणं वाटू लागतात. प्रत्यक्ष कामात ती एकाच आकड्यांवर एकापाठोपाठ वापरायची असतात आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी ताडून बघायची असतात. कागद-पेन्सिल किंवा संगणकावरची कोणतीही स्प्रेडशीट पुरेशी आहे.

पायरी १: मोजतोय काय आणि कोणाचं

कोणत्याही सामग्रीला पहिले दोन प्रश्न विचारायचे. एक ओळ म्हणजे काय? आणि त्या ओळीसमोर जे लिहिलंय ते मोजमाप आहे की नुसती ओळख?

आपल्याकडे एक ओळ म्हणजे एक जिल्हा. समोर लोकसंख्या आहे, म्हणजे मोजून आलेली संख्या. तिची बेरीज-वजाबाकी करता येते, सरासरी काढता येते. पण याच तक्त्यात जिल्ह्याचा संकेतांक असतो, तोही आकडाच दिसतो. संकेतांकांची सरासरी काढली तर स्प्रेडशीट निमूटपणे उत्तर देईल आणि त्या उत्तराला काहीही अर्थ नसेल. पिनकोड, रोल नंबर, गट नंबर, मोबाइल नंबर हे सगळे याच जातीचे.

तिसरा रकाना महसूल विभागाचा असेल, तर तो गुणात्मक चल, म्हणजे मोजमाप नव्हे तर गट सांगणारा. तिथे फक्त मोजणी करता येते: २०११ च्या ३५ जिल्ह्यांपैकी कोकण विभागात ६, पुणे ५, नाशिक ५, छत्रपती संभाजीनगर ८, अमरावती ५, नागपूर ६. अशा चलासाठी स्तंभालेख काढायचा, स्तंभांमध्ये फट ठेवायची आणि मोजमाप म्हणून फक्त बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेलं मूल्य सांगायचं; इथे छत्रपती संभाजीनगर विभाग. सहा भाग आहेत, म्हणून वृत्तालेखही चालेल. ३५ जिल्ह्यांच्या लोकसंख्येचा वृत्तालेख मात्र काढू नका. बीडची फोड मोठी की बुलढाण्याची, हे कोणालाही डोळ्यांनी सांगता येणार नाही.

पायरी २: आकडे शीटमध्ये सुखरूप आणणं

या पायरीकडे सर्रास दुर्लक्ष होतं आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच येतात. पीडीएफमधून चिकटवलेला १,१०,६०,१४८ असा आकडा स्वल्पविरामांमुळे बऱ्याचदा मजकूर म्हणून बसतो. तो कप्प्यात डावीकडे चिकटलेला दिसला की समजायचं. सरासरीचं सूत्र असे कप्पे गुपचूप वगळतं, चूक दाखवत नाही. ठाण्याचा एकच कप्पा मजकूर राहिला, तर सरासरी दोन लाखांहून अधिक घसरेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

म्हणून दोन ताळे घ्यायचेच. आकडे असलेले कप्पे ३५ भरतात का? आणि बेरीज ११,२३,७४,३३३ येते का? ही २०११ ची राज्याची जाहीर लोकसंख्या. शेवटच्या अंकापर्यंत जुळली, तरच पुढे जायचं.

नावांकडेही बघा. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीड, बुलढाणा आणि गोंदिया यांची स्पेलिंग इतर ठिकाणी दिसतात त्याहून वेगळी आहेत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर तिथे जुन्या नावांनी आहेत. दोन शीट नावावरून जोडणार असाल, तर हे सहा जिल्हे हमखास गळतात.

पायरी ३: चढत्या क्रमाने लावा आणि नुसतं वाचा

आलेख, सूत्र काही नाही. फक्त क्रम. लोकसंख्या लाखांत, दोन दशांश स्थळांपर्यंत:

सिंधुदुर्ग ८.५०, गडचिरोली १०.७३, हिंगोली ११.७७, वाशिम ११.९७, भंडारा १२.००, वर्धा १३.०१, गोंदिया १३.२३, रत्नागिरी १६.१५, नंदुरबार १६.४८, धाराशिव १६.५८, अकोला १८.१४, परभणी १८.३६, जालना १९.५९, धुळे २०.५१, चंद्रपूर २२.०४, लातूर २४.५४, बीड २५.८५, बुलढाणा २५.८६, रायगड २६.३४, यवतमाळ २७.७२, सांगली २८.२२, अमरावती २८.८८, सातारा ३०.०४, मुंबई शहर ३०.८५, नांदेड ३३.६१, छत्रपती संभाजीनगर ३७.०१, कोल्हापूर ३८.७६, जळगाव ४२.३०, सोलापूर ४३.१८, अहिल्यानगर ४५.४३, नागपूर ४६.५४, नाशिक ६१.०७, मुंबई उपनगर ९३.५७, पुणे ९४.२९, ठाणे ११०.६०.

यादी सावकाश वाचली की काही गोष्टी आपोआप जाणवतात. सुरुवातीला आकडे एकमेकांना खेटून आहेत. नागपूरनंतर एकदम साडेचौदा लाखांची उडी आहे, नाशिकनंतर साडेबत्तीस लाखांची. मुंबई शहर इतकं दाट असूनही यादीच्या मध्याजवळच आहे, कारण तो जिल्हा क्षेत्रफळाने चिमुकला आहे. मोठी मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे.

बीड आणि बुलढाण्यात फरक आहे अवघ्या १,२०९ माणसांचा. एकाच दशांशापर्यंत आकडे लिहिले असते, तर दोघांसमोर २५.९ आलं असतं. किती दशांश ठेवायचे याचा माझा नियम साधा आहे: मोजमापं काढेपर्यंत मूळ आकडे जसेच्या तसे ठेवा, दशांश कमी करणं फक्त शेवटी, वाचकाला दाखवताना.

पायरी ४: खोड-पान आकृती

३५-४० आकड्यांसाठी इतकी उपयोगी आकृती दुसरी नाही आणि तिला कागदाखेरीज काही लागत नाही. लाखांतल्या आकड्याचा दशांश भाग सोडून द्या, दशक खोड म्हणून डावीकडे लिहा आणि एकक पान म्हणून उजवीकडे.

० | ८
१ | ० १ १ २ ३ ३ ६ ६ ६ ८ ८ ९
२ | ० २ ४ ५ ५ ६ ७ ८ ८
३ | ० ० ३ ७ ८
४ | २ ३ ५ ६
५ |
६ | १
७ |
८ |
९ | ३ ४
१० |
११ | ०

रिकाम्या ओळी गाळायच्या नाहीत. त्या रिकाम्या आहेत हीच माहिती आहे. वही आडवी धरली की हाच आयतालेख होतो, आणि तरी मूळ आकडे हरवलेले नाहीत. आकार स्पष्ट दिसतो: डावीकडे गर्दी आणि उजवीकडे लांबलचक शेपूट. याला उजवीकडे झुकलेलं वितरण म्हणतात. उत्पन्न, जमीनधारणा, शहरांची लोकसंख्या, घरांच्या किमती अशा बऱ्याच सामाजिक सामग्रीत हाच आकार पुन्हा पुन्हा भेटतो.

पायरी ५: वर्ग पाडणं आणि आयतालेख

आता दहा-दहा लाखांचे वर्ग घेऊ. ऊर्ध्वमर्यादा, म्हणजे वर्गाची वरची मर्यादा, त्या वर्गात धरायची नाही, म्हणजे बरोबर २० लाख असतील तर तो जिल्हा २०–३० मध्ये जाईल.

०–१० : १
१०–२० : १२
२०–३० : ९
३०–४० : ५
४०–५० : ४
५०–६० : ०
६०–७० : १
७०–८० : ०
८०–९० : ०
९०–१०० : २
१००–११० : ०
११०–१२० : १

एकूण ३५. वर्गात किती जिल्हे आले, ती त्याची वारंवारता. सर्वाधिक वारंवारतेचा वर्ग १०–२०. आयतालेखात स्तंभ एकमेकांना चिकटलेले हवेत, कारण आडव्या अक्षावर सलग संख्या आहेत. रिकाम्या वर्गांची जागा मोकळी राहते.

इथे एक प्रयोग जरूर करा. वर्गांतर, म्हणजे वर्गाची रुंदी, २० लाख करा. ०–२० मध्ये १३ जिल्हे येतात, २०–४० मध्ये १४, पुढे ४, १, २, १. सर्वाधिक वारंवारतेचा वर्ग बदलला! दहा लाखांच्या आलेखात शिखर १०–२० वर होतं, आता ते २०–४० वर गेलं. वर्गांतर ५ लाख करा, तर १०–१५, १५–२० आणि २५–३० या तीन वर्गांत प्रत्येकी ६ जिल्हे, म्हणजे शिखर तीन ठिकाणी विभागलं. सामग्री तीच, एकही आकडा बदललेला नाही. म्हणून 'सर्वाधिक जिल्हे या गटात आहेत' असं वाक्य वाचलं की गट कोणी आणि केवढे पाडले, हे विचारायलाच हवं.

मग योग्य वर्गांतर कोणतं? वर्गांची संख्या साधारण सामग्रीच्या वर्गमूळाइतकी ठेवा असा एक ठोकताळा आहे. ३५ चं वर्गमूळ सुमारे ६, म्हणजे वीस लाखांचे वर्ग. तो सुरुवातीला वापरा, पण त्यावर थांबू नका. तीन वर्गांतरं घेऊन बघा आणि तिन्ही आलेखांत जे टिकतं तेवढंच ठामपणे लिहा. आपल्याकडे टिकतं ते हे: बहुतेक जिल्हे ५० लाखांच्या आत आणि शेवटी तीन जिल्हे बरेच दूर. शिखराची नेमकी जागा टिकत नाही, म्हणून ती लिहायची नाही.

दुसरा सापळा असमान वर्गांचा. जागा वाचवायला ५० ते १२० लाख असा एकच वर्ग केला, तर त्यात ४ जिल्हे येतील. तिथे ४ उंचीचा सात पट रुंद स्तंभ काढला, तर स्तंभांचं जवळपास निम्मं क्षेत्रफळ मोठ्या जिल्ह्यांनी व्यापलेलं दिसेल. आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळाने दाखवायची असते. रुंदी सात पट केली, तर उंची ४ भागिले ७ हवी, म्हणजे दहा लाखांमागे ०.५७. वर्तमानपत्रांतल्या आलेखांत ही चूक नेहमी दिसते आणि ती वाचकाची थेट दिशाभूल करते.

शेपूट फार लांब असेल तर आणखी एक उपाय आहे: दुपटीचे वर्ग. ८–१६, १६–३२, ३२–६४, ६४–१२८. आता वारंवारता ७, १७, ८, ३ अशी येते, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती. याचा अर्थ असा की जिल्ह्यांमधला फरक 'किती लाखांनी' यापेक्षा 'किती पटींनी' असा बघितला, तर चित्र बरंच सुबक होतं. लॉग मोजपट्टी, म्हणजे सारख्या अंतराला सारखी पट दाखवणारी मोजपट्टी, हेच काम करते.

पायरी ६: केंद्र शोधणं

मध्य, म्हणजे नेहमीची सरासरी: ११,२३,७४,३३३ भागिले ३५, उत्तर ३२.११ लाख.

मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातलं मधलं मूल्य: ३५ मध्ये १८ वं. यादीत मोजा, बुलढाणा येतो. २५.८६ लाख.

मध्य मध्यकापेक्षा सव्वासहा लाखांनी मोठा आहे. उजवीकडच्या शेपटीने मध्याला आपल्याकडे ओढलं, मध्यक जागचा हलला नाही. किती ओढलं, तेही तपासता येतं. ठाणे, पुणे आणि मुंबई उपनगर बाजूला ठेवून उरलेल्या ३२ जिल्ह्यांवर गणित करा. मध्य ३२.११ वरून २५.७९ वर येतो. मध्यक २५.८६ वरून २५.२० वर. तीन जिल्ह्यांनी एकाला सव्वासहा लाखांनी हलवलं, दुसऱ्याला पाऊण लाखानेही नाही.

बहुलक या सामग्रीत निरुपयोगी आहे. दोन जिल्ह्यांची लोकसंख्या तंतोतंत सारखी नाही, त्यामुळे अवर्गीकृत बहुलक नाहीच. वर्गीकृत सूत्राने तो १७.८६ लाख येतो, पण पाचव्या पायरीत बघितलं तसं वर्गांतर बदलताच तोही बदलतो. बहुलक चपलांचे नंबर, कुटुंबातली माणसं, शर्टांचे माप अशा ठिकाणी वापरायचा, जिथे मोजकीच मूल्यं पुन्हा पुन्हा येतात.

मूळ आकडे हाताशी नसतील आणि फक्त वारंवारता सारणी मिळाली असेल, तर वर्गमध्य, म्हणजे प्रत्येक वर्गाचा मधला आकडा, धरून मध्य काढतात. आपल्या दहा लाखांच्या सारणीवरून बघू. वर्गमध्य गुणिले वारंवारता यांची बेरीज १,१३५ येते, भागिले ३५ म्हणजे ३२.४३. खरं उत्तर ३२.११ होतं, म्हणजे फारसं चुकलं नाही. मध्यकासाठी संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतची बेरीज, घ्या: १, १३, २२... एकूणाची निम्मी १७.५, म्हणून मध्यकीय वर्ग २०–३०. सूत्र लावलं की २० + (१७.५ − १३) ÷ ९ × १० = २५.०. खरा मध्यक २५.८६. परीक्षेत ही उत्तरं अचूक मानली जातात, प्रत्यक्षात ती अंदाज असतात. मूळ आकडे मिळत असतील तर सारणीवरून गणित करू नये.

पायरी ७: पसरण, चतुर्थक आणि बॉक्स प्लॉट

विस्तार म्हणजे सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान: ११०.६० − ८.५० = १०२.१० लाख. दोनच जिल्ह्यांवर उभा असलेला हा आकडा उरलेल्या ३३ बद्दल काहीच बोलत नाही. एका वाक्यात उल्लेख पुरे.

चतुर्थक, म्हणजे यादीचे चार समान भाग पाडणारी मूल्यं, अधिक कामाचे. मध्यक बाजूला काढला की खाली १७ आणि वर १७ जिल्हे उरतात. खालच्या सतरातला नववा नंदुरबार, म्हणून पहिला चतुर्थक १६.४८. वरच्या सतरातला नववा कोल्हापूर, म्हणून तिसरा चतुर्थक ३८.७६. दोहोंतलं अंतर २२.२८ लाख, हा आंतरचतुर्थक विस्तार. मधले निम्मे जिल्हे एवढ्या पट्ट्यात आहेत.

स्प्रेडशीटचं चतुर्थकाचं नेहमीचं सूत्र वापरलंत तर १६.५३ आणि ३७.८९ मिळतील. घाबरू नका, कोणीच चुकलेलं नाही. चतुर्थक काढायच्या एकाहून अधिक मान्य पद्धती आहेत. स्प्रेडशीट नवव्या आणि दहाव्या मूल्याच्या मधोमध थांबते, आपण नवव्यावर थांबलो. एक पद्धत निवडा, ती लिहून ठेवा आणि तुलना करायच्या सगळ्या सामग्रीला तीच लावा.

आता बॉक्स प्लॉट. आडवी मोजपट्टी आखा, ० ते १२०. १६.४८ पासून ३८.७६ पर्यंत पेटी काढा. पेटीत २५.८६ वर उभी रेघ मारा, ती मधोमध न पडता डावीकडे सरकलेली दिसेल. पेटीच्या दोन्ही बाजूंना रेघा, म्हणजे मिशा, किती लांब काढायच्या, यासाठी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांचा नियम वापरतात: पेटीच्या टोकांपासून आंतरचतुर्थक विस्ताराच्या दीडपट अंतरावर कुंपण. २२.२८ ची दीडपट ३३.४२, म्हणून वरचं कुंपण ७२.१८ लाख. खालचं कुंपण ऋण येतं, तिकडे प्रश्नच नाही. उजवी मिशी कुंपणाच्या आतल्या शेवटच्या जिल्ह्यापर्यंत, म्हणजे नाशिकच्या ६१.०७ पर्यंत. डावी सिंधुदुर्गपर्यंत. कुंपणाबाहेर तीन ठिपके: मुंबई उपनगर, पुणे, ठाणे.

हे तीन झाले आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून दूर पडलेली मूल्यं. आउटलायर सापडला की तो उडवायचा, अशी सवय फार पसरली आहे आणि ती घातक आहे. कुंपण फक्त इतकंच सांगतं की इथे थांबून बघा. बघितल्यावर तीन शक्यता असतात. आकडा टाकताना चूक झाली असेल तर दुरुस्त करा. ती नोंद मुळात वेगळ्याच प्रकारची असेल तर वेगळी करा आणि तसं लिहा. आकडा खरा असेल तर ठेवा. ठाण्याचा आकडा खरा आहे. २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. राज्यातली चार माणसांतली एकाहून अधिक या तीन जिल्ह्यांत राहतात. त्यांना 'अपवाद' म्हणून वगळलं, तर वगळली जातात ती जवळपास तीन कोटी माणसं.

पायरी ८: प्रमाण विचलन

हे एकदा तरी हाताने करा. प्रत्येक जिल्ह्याच्या लोकसंख्येतून ३२.११ वजा करा. ठाणे +७८.४९, नांदेड +१.५१, बुलढाणा −६.२४, सिंधुदुर्ग −२३.६१. सगळ्या विचलनांची बेरीज शून्य आली पाहिजे, हा ताळा. शून्यच येते म्हणून प्रत्येकाचा वर्ग करायचा. ठाणे ६,१६१, बुलढाणा ३९. सर्व वर्गांची बेरीज सुमारे २०,०२२. भागिले ३५, म्हणजे ५७२.०७, हे प्रचरण. त्याचं वर्गमूळ २३.९२ लाख, हे प्रमाण विचलन.

३५ ने भागायचं की ३४ ने? आपल्याकडे राज्यातले सगळे जिल्हे आहेत, नमुना नाही, म्हणून ३५ ने. स्प्रेडशीटमध्ये सूत्राच्या नावाशेवटी 'पी' असलेलं निवडा. 'एस' असलेलं सूत्र ३४ ने भागतं आणि २४.२७ देतं. ते नमुन्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधताना वापरायचं.

आता वर्गांच्या रकान्याकडे परत बघा. २०,०२२ पैकी १३,८०६ फक्त तीन जिल्ह्यांकडून आले आहेत, म्हणजे ६९ टक्के. उरलेले ३२ जिल्हे मिळून ३१ टक्के. वर्ग केल्यामुळे दूरच्या मूल्यांचं वजन असं फुगतं. २३.९२ हा आकडा ३५ जिल्ह्यांच्या नावावर असला, तरी तो मुख्यतः तिघांची गोष्ट सांगतो.

मध्याच्या अलीकडे-पलीकडे एक प्रमाण विचलन धरलं तर ६८ टक्के, दोन धरली तर ९५ टक्के मूल्यं येतात, हे वाक्य बऱ्याच जणांना पाठ असतं. आपल्याकडे लावून बघा. एका प्रमाण विचलनाचा पट्टा ८.१९ ते ५६.०३. त्यात ३१ जिल्हे बसतात, म्हणजे ८९ टक्के. दोन प्रमाण विचलनं खाली गेलं की उणे १५.७३ लाख लोकसंख्या येते! तो नियम घंटेच्या आकाराच्या सममित वितरणासाठी आहे. खोड-पान आकृती आधी काढलेली असली, की तो इथे लावायचा मोह होत नाही.

पायरी ९: सरासरी कोणाची?

माझ्या मते हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी शिकवला जाणारा आहे.

३२.११ लाख ही जिल्ह्यांची सरासरी. त्यात सिंधुदुर्गाचं एक मत आणि ठाण्याचंही एकच. जिल्हाधिकारी कार्यालयं किती, जिल्हा रुग्णालयं किती, असा प्रशासनाचा प्रश्न असेल तर हेच बरोबर. पण प्रश्न माणसांचा असेल तर? 'महाराष्ट्रातला माणूस सरासरी केवढ्या जिल्ह्यात राहतो' असं विचारलं, तर प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या लोकसंख्येइतकं वजन द्यावं लागेल. प्रत्येक लोकसंख्येचा वर्ग करा, बेरीज करा, एकूण लोकसंख्येने भागा. उत्तर सुमारे ४९.९ लाख येतं, जिल्ह्यांच्या सरासरीच्या दीडपटीहून जास्त.

मध्यकाचंही तसंच. मधला जिल्हा बुलढाणा. पण राज्यातली सगळी माणसं त्यांच्या जिल्ह्याच्या आकारानुसार रांगेत उभी केली, तर मधला माणूस कोल्हापूर जिल्ह्यातला निघतो. वरचे आठ जिल्हे मिळून ४७.८ टक्के लोकसंख्या होते, कोल्हापूर धरून ५१.२. अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र नऊ जिल्ह्यांत राहतो.

'प्रति शाळा सरासरी पट' आणि 'विद्यार्थी सरासरी किती पटाच्या शाळेत शिकतो' यांत हाच फरक आहे. लहान शाळा पुष्कळ आणि मोठ्या थोड्या असल्या, की ही दोन उत्तरं फार दूर जातात. धोरण कोणत्या उत्तरावर ठरतंय हे बघायला हवं.

पायरी १०: लिहायचं कसं

झुकलेल्या वितरणासाठी मध्यक आणि चतुर्थक सांगा. सममित असेल तर मध्य आणि प्रमाण विचलन. दोन्ही जोड्या एकमेकांत मिसळू नका. मध्य द्यायचाच असेल, तर मध्यकाशेजारी ठेवा, म्हणजे वाचकाला झुकाव आपोआप कळतो. आपल्या सामग्रीचं वर्णन असं होईल:

'२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या ३५ जिल्ह्यांच्या लोकसंख्येचा मध्यक २५.८६ लाख आहे. मधले निम्मे जिल्हे १६.४८ ते ३८.७६ लाखांच्या दरम्यान आहेत. वितरण उजवीकडे झुकलेलं असून मुंबई उपनगर, पुणे आणि ठाणे हे तीन जिल्हे बाकीच्यांपासून बरेच दूर आहेत. त्यांच्यामुळे सरासरी ३२.११ लाखांवर जाते.'

यात वर्ष आहे, किती नोंदी ते आहे, एकक आहे, केंद्र, पसरण, आकार आणि वेगळी पडलेली मूल्यं नावानिशी आहेत. सोबत एक बॉक्स प्लॉट किंवा आयतालेख. दोन्हींची गरज नसते.

सरावासाठी: पालघर

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ चीच लोकसंख्या नव्या हद्दींनुसार वाटली, तर ठाणे ८०,७०,०३२ आणि पालघर २९,९०,११६. या दोन ओळी शीटमध्ये टाका आणि ३६ जिल्ह्यांवर सगळं पुन्हा करा. राज्यातला एकही माणूस हललेला नाही, बेरीज तीच ११,२३,७४,३३३ आहे.

तरी मध्य ३१.२२ लाखांवर येतो. सम संख्या असल्यामुळे मध्यक रायगड आणि बुलढाण्याच्या मधोमध, २६.१० लाखांवर. म्हणजे मध्य खाली गेला आणि मध्यक वर! प्रमाण विचलन २३.९२ वरून २१.२१ होतं, आंतरचतुर्थक विस्तार २२.२८ वरून २१.३६. विस्तार १०२.१० वरून ८५.८०, कारण आता सर्वांत मोठा जिल्हा पुणे. नवं कुंपण ६९.९२ लाखांवर आणि त्याबाहेर अजूनही तेच तीन जिल्हे. तुमच्या शीटमध्ये हे आकडे आले नाहीत, तर आधी ठाण्याची जुनी ओळ पुसायची राहिली आहे का ते बघा.